वस्तुमान आणि वजन

पदार्थात सामावलेल्या द्रव्याचे परिमाण म्हणजे वस्तुमान, तर त्या पदार्थाला पृथ्वी किंवा अन्य खगोल ज्या बलाने स्वतःकडे ओढतो ते बल म्हणजे वजन. वस्तुमानाचे एकक किलोग्रॅम आहे आणि वजनाचे, ते बल असल्यामुळे, न्यूटन. व्यवहारात आपण ‘दोन किलो वजनाचे कलिंगड’ म्हणतो. भौतिकीच्या दृष्टीने दोन किलो हे त्याचे वस्तुमान असून वजन सुमारे १९.६ न्यूटन भरते.

वस्तुमानाला त्या ठिकाणच्या गुरुत्वीय त्वरणाने, म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो त्याने, गुणले की वजन मिळते. हे त्वरण सर्वत्र सारखे नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. त्यामुळे ते विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति वर्ग सेकंद असते. झां रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला असता पॅरिसला अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबकाचे वस्तुमान तेच होते. कमी झाली होती ती पृथ्वीची ओढ, आणि ओढ कमी झाली की लंबक सावकाश झुलतो. चंद्रावर तर ही ओढ साधारण एक षष्ठांशच असते.

दोन पारड्यांच्या तराजूवर या फरकाचा परिणाम होत नाही, कारण एका पारड्यातील ज्वारी आणि दुसऱ्यातील लोखंडी मापे यांच्यावरील ओढ सारख्याच प्रमाणात बदलते. म्हणजे तराजू वस्तुमानांचीच तुलना करतो, जरी मराठीत त्या मापांनाही ‘वजने’च म्हणत असले तरी. याउलट ताणकाट्यातील स्प्रिंग बलानुसार ताणली जाते. सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटाही प्रत्यक्षात बलच मोजतो आणि त्याचे ग्रॅममध्ये रूपांतर करून दाखवतो, म्हणून तो जेथे वापरायचा तेथेच प्रमाणित वजनांशी जुळवून घेणे आवश्यक असते. विषुववृत्तावर जुळवलेला असा काटा ध्रुवावर नेल्यास १० ग्रॅम सोने सुमारे १०.०५ ग्रॅम दाखवील, सोन्यात कणाचीही भर न पडता.

सुमारे ४०० किमी. उंचीवरील अंतराळस्थानकातील ‘वजनरहित’ अवस्था हा शब्दप्रयोग फसवा आहे. तेथेही गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरच्या जवळजवळ नऊ दशांश असते. मात्र स्थानक आणि अंतराळवीर दोघेही एकत्रच पृथ्वीकडे पडत असल्याने पायांखाली आधाराचा दाब जाणवत नाही. तेथे साधा काटा निरुपयोगी ठरतो आणि अंतराळवीराचे वस्तुमान स्प्रिंगवर आंदोलने घेऊन, त्यांच्या कालावधीवरून काढले जाते.

या मापनाचा आधार आहे जडत्व, म्हणजे गतीतील बदलाला होणारा विरोध. ज्या वस्तुमानावर पृथ्वीची ओढ अवलंबून असते तेच वस्तुमान त्या ओढीला तितक्याच प्रमाणात विरोधही करते. म्हणूनच हवेचा अडथळा नसेल तर जड व हलके पदार्थ बरोबरीने खाली येतात. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही एकदमच जमिनीवर टेकले.