साराकिनिको

साराकिनिको : ग्रीसमधील मिलोस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील पांढराशुभ्र ज्वालामुखीजन्य कातळकिनारा. मिलोस हे एजियन समुद्रातील सायक्लेड्स द्वीपसमूहाचे नैर्ऋत्येकडील बेट. साराकिनिकोला सर्रास ‘बीच’ म्हणतात. पण पुळण आहे ती एका अरुंद खाचेच्या टोकाशी, चार-दोन कुटुंबे बसतील एवढीच. बाकी सगळा उघडा कातळ. एजियनमध्ये लूटमार करणाऱ्या सारासेन (मध्ययुगीन अरब-मुस्लिम) चाच्यांवरून हे नाव पडले, असे मानतात.

ज्वालामुखीचा किनारा म्हटला की काळी वाळू डोळ्यांपुढे येते. याच द्वीपसमूहातल्या सँटोरिनी बेटावर पेरिसा गावी ती आहेही. येथला खडक मात्र वाहत्या लाव्हाचा नाही. सिलिका भरपूर आणि लोह कमी असलेली राख व सच्छिद्र पमिस दगडाचे तुकडे वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी समुद्राखाली थरांनी साचले, घट्ट झाले आणि पुढे भूहालचालींनी वर उचलले गेले. लोह कमी म्हणून रंग पांढरा. खडक मऊ असल्यामुळे लाटा आणि खारा वारा त्याला सतत झिजवतात. त्यातूनच गुळगुळीत उंचवटे, घळी आणि कमानी तयार झाल्या आहेत. झाडझुडूप जवळजवळ नाही, म्हणून चंद्रभूमीची उपमा सगळेच देतात. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण त्या पांढऱ्यामुळेच खाचेतले पाणी इतके हिरवेनिळे दिसते.

कातळात जुन्या खाणींचे बोगदेही दिसतात. खाणकाम मिलोसला नवे नाही. येथला ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखी काच, अश्मयुगातच समुद्र ओलांडून ग्रीसच्या मुख्य भूमीवर पोहोचत होता. बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) आणि पर्लाइट (ज्वालामुखी काचेचाच एक प्रकार) आजही काढले जातात.

२०२५च्या सुरुवातीला किनाऱ्याजवळ हॉटेलसाठी खोदकाम सुरू झाले तेव्हा ग्रीसभर संताप उसळला आणि काम थांबवावे लागले. तो संताप रास्तच होता. अशा मऊ खडकावरची जखम भरून येत नाही. पाहुण्यांनीही त्यावर नावे कोरू नयेत.

येथे सावली नाही आणि पांढऱ्या कातळावरून ऊन डोळ्यांवर उलटते, म्हणून सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे. पाणी व टोपी सोबत असावी. कड्यांवरून खाचेत उड्या मारणारे पुष्कळ दिसतात. खोली पाहिल्याशिवाय त्यांचे अनुकरण करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्टेमी वारा जोरात असला की लाटा थेट खाचेत घुसतात. त्या दिवशी पोहायचे असेल तर बेटाचा दक्षिण किनारा गाठावा.