गे आणि लेस्बियन ख्रिश्चनांची पाळकीय सेवा

आजारपण, मयत, घरातली भांडणं अशा वेळी पाळक किंवा फादर मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांमधल्या, माणसाला घरभेट, प्रार्थना आणि ऐकून घेण्यातून जी सोबत देतात ती पाळकीय सेवा. गे-लेस्बियन सभासदांच्या बाबतीत सगळा कस लागतो तो ऐकून घेण्याचा, कारण नागपूरसारख्या शहरात ख्रिस्ती समाज लहान, सगळे एकमेकांच्या नात्यातले नाहीतर ओळखीतले, त्यामुळे मुलगा किंवा मुलगी आधी हेच बघते की पास्टर आपल्या घरी सांगणार तर नाही ना. सांगितलं की घरात स्थळं बघायची घाई सुरू होते आणि ते लेकरू चर्चला यायचंच बंद होतं. कॅथलिक फादरला कन्फेशनमधलं, म्हणजे पापकबुलीत ऐकलेलं, काहीच, कुणालाच सांगता येत नाही, तो चर्चचा कडक कायदा आहे, प्रोटेस्टंट मंडळीत मात्र बरंचसं त्या पाळकाच्या स्वभावावर असतं.

व्हॅटिकनने 1 ऑक्टोबर 1986 ला ह्याच विषयावर बिशपांना पत्र पाठवलं, त्यात समलैंगिक संबंध पाप धरले पण अशा लोकांवरच्या हिंसेचा निषेधही केला. डिसेंबर 2023 पासून फादर अशा जोडप्याला साधा आशीर्वाद देऊ शकतात, लग्नविधी नाही.

नागपूरचं ह्यात वेगळं स्थान आहे. प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन बनलेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच स्थापन झालं, आणि प्रोटेस्टंट-ऑर्थोडॉक्स चर्चेसची नॅशनल कौन्सिल, म्हणजे एनसीसीआय, तिचं मुख्य ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे. लैंगिक विविधतेवर एनसीसीआयचा वेगळा फोरम आहे, पण कौन्सिल बोलली म्हणून गल्लीतली मंडळी लगेच बदलते असं नाही.

उपास-प्रार्थनेने किंवा "भूत काढून" पोराला सुधरवतो म्हणणारेही आहेत आणि ही सेवा नाहीच, हा छळ आहे. समलैंगिकता आजार नाही हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय, त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि 2022 पासून डॉक्टरने कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे समलैंगिकता "बदलण्याचे" उपचार, केली तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा धरतात. डॉक्टरला जे चालत नाही ते पाळकाला कसं चालेल?

आईवडिलांनाही सोबत लागते, ते तर बऱ्याचदा "आमचं काय चुकलं" इथेच अडकलेले असतात, त्यांच्याकडे परत परत जावं लागतं. आणि जिथे पाळकाला स्वतःला झेपत नाही तिथे त्याने नागपुरातच एलजीबीटी लोकांसाठी काम करणाऱ्या सारथी ट्रस्टकडे पाठवावं, पण प्रभुभोजनातली, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीतली, त्या माणसाची जागा काढून घेऊ नये.