खेळाच्या यंत्रावरचं इंटरनेट: थोडी पार्श्वभूमी

गोव्यातल्या घरांत नवी यंत्रं बऱ्याचदा दुकानाआधी नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. कुणी तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असतो, कुणी आखातात. आमच्या फोंड्याच्या घरी पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, आला तो मामाच्या बॅगेतून, मस्कतहून. खेळ एकच होता आणि तो चार दिवसांत संपला. मग मेनू चाळताना पृथ्वीच्या गोळ्याचं एक चिन्ह दिसलं. ते होतं ब्राउझरचं, म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं. मी त्यात डोकं घालून बसलो की आजी विचारायची, "खेळटा काय वाचता रे तूं?" (खेळतोस की वाचतोस?) प्रश्न अगदी रास्त होता.

हातातल्या खेळाच्या यंत्राला इंटरनेट जोडायची हौस मात्र पीएसपीच्या आधीची. 1997 मध्ये अमेरिकेत टायगर कंपनीनं 'गेम डॉट कॉम' नावाचं यंत्र काढलं. वेगळी कार्ट्रिज (यंत्रात खोचायची वडी) आणि मोडेमची वायर घेतली की त्यावर नुसता मजकूर वाचता यायचा. नाव इंटरनेटचं असूनही ते चाललं नाही. जानेवारी 2001 मध्ये निन्टेन्डोनं जपानात गेमबॉय हे आपलं हातातलं खेळयंत्र मोबाइल फोनला जोडणारा अ‍ॅडॅप्टर आणला. सोबतच्या कार्ट्रिजवर ईमेल लिहिता यायची. दोन वर्षं व्हायच्या आत, डिसेंबर 2002 मध्ये, ती सेवा बंद पडली.

खरी सुरुवात 2005 ची. सोनीनं पीएसपी आदल्या डिसेंबरात जपानात विकायला काढला होता, पण त्यात ब्राउझर नव्हता. तो आला 2.00 क्रमांकाच्या अपडेटमधून. तो होता अ‍ॅक्सेस या जपानी कंपनीचा नेटफ्रंट, म्हणजे मुळात मोबाइलसाठीचा माल. पडदा 480 बाय 272 ठिपक्यांचा, रॅम, म्हणजे काम चालवायची मेमरी, 32 एमबी. तीन पानं एका वेळी उघडता यायची, पण फोटोंनी भरलेलं एखादंच पान उघडलं तरी मेमरी पुरत नसल्याची सूचना यायची.

निन्टेन्डोनं 2006 मध्ये डीएस या आपल्या दोन पडद्यांच्या खेळयंत्रासाठी ऑपेरा कंपनीचा ब्राउझर काढला, तोही विकत. डीएसची स्वतःची रॅम फक्त 4 एमबी, म्हणून जादा मेमरीची एक वडी गेमबॉयच्या खाचेत बसवावी लागे. साध्या डीएसची वडी वेगळी आणि त्यानंतरच्या डीएस लाइटची वेगळी, हा तर कहरच. दोन पडद्यांचा उपयोग मात्र छान केला होता: एकावर अख्खं पान लहान करून, दुसऱ्यावर त्याचाच तुकडा मोठा करून.

वाचणं असं कसंबसं जमायचं. लिहिणं ही वेगळीच तपश्चर्या. पीएसपीच्या पडद्यावर जुन्या मोबाइलसारखी अक्षरांची घरं उघडायची. बाणांनी घर गाठायचं आणि अक्षर येईपर्यंत फुलीचं बटण दाबायचं. 'ponda' लिहायला पी एकदा, ओ तीनदा, एन दोनदा, डी एकदा, ए एकदा. पाच अक्षरांना आठ दाब, बाणांची धावपळ वेगळीच. ज्या अंगठ्यांना गाडी वळवायची सवय, त्यांनी पत्र लिहायचं!

आणि हे रोमन लिपीतलं झालं. मराठीची गत याहून वाईट. पीएसपीत लॅटिन, जपानी आणि कोरियन फॉन्ट होते, देवनागरी नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांना संगणकावर सामाईक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे आणि मराठी विकिपीडियाही 2003 मध्ये सुरू झाला होता, पण फॉन्टच नसेल तर पडद्यावर काही वाचण्याजोगं येणार नाही. त्या काळात अनेक मराठी वर्तमानपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नव्हत्याच. त्यांचे स्वतःचे फॉन्ट असत आणि आतला मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या नि चिन्हांच्या जागी बसवलेला असे. फॉन्ट नसला की बातमीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. त्यामुळे मराठी लिहिणारे रोमनमध्ये लिहीत. 'mi ghari aahe' ही तेव्हाची रीतच होती.

गंमत म्हणजे या अडचणीवर तोडगा काढला तो ऑपेरानंच, पण खेळाच्या यंत्रावर नव्हे. 2006 मध्ये जगभर खुला झालेला ऑपेरा मिनी हा ब्राउझर साध्या बटणांच्या फोनवर चालायचा. त्याच्या एका लपलेल्या सेटिंगमध्ये अवघड लिप्या चित्ररूपात मागवायची सोय होती. ती चालू केली की फोनमध्ये देवनागरी नसतानाही जोडाक्षरं, वेलांट्या सगळं जागच्या जागी दिसे. ज्यानं ती सेटिंग बदलली, तो पुन्हा गेमच्या यंत्राकडे कशाला वळेल?

शिवाय वायफाय हवं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं 2005 मध्ये, 256 केबीपीएसवर, आणि आमच्या घरी ते वायरनं संगणकाला जोडलेलं. पावसाळ्यात लाईट गेली की हातातलं यंत्र बॅटरीवर चालू राही, मोडेम मात्र मुकाट बंद. ऑपेरा मिनीला हे काहीच लागत नव्हतं, फोनचं नेटवर्क असलं की झालं.

पुढे निन्टेन्डोचा थ्रीडीएस आणि सोनीचा व्हिटा, दोन्हींना ब्राउझर मिळाला. 2017 च्या निन्टेन्डो स्विचनं मात्र तो उघडपणे दिलाच नाही. हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान येतं तेव्हा आत लपलेला ब्राउझर तेवढा डोकावतो. तोवर सगळ्यांच्या खिशात फोन होता, म्हणून फारशी ओरड झाली नाही. 2022 च्या स्टीम डेक या हातातल्या खेळयंत्रावर परिस्थिती उलटी आहे: आत लिनक्स, म्हणजे संगणकावर चालते तशी प्रणाली, डेस्कटॉप उघडून फायरफॉक्स ब्राउझर टाका आणि हवं तितकं मराठी लिहा.

मामाचा पीएसपी अजून कपाटात आहे. वेब आता एन्क्रिप्शनच्या (मजकूर गुप्त ठेवण्याच्या) नव्या पद्धतींवर गेलं आहे आणि त्या जुन्या ब्राउझरला त्या ठाऊक नाहीत. पण तिथवर पोचणार कोण? डब्ल्यूपीए-2 ही वायफायची सुरक्षापद्धत लावलेल्या घरच्या राउटरशीच तो जुळत नाही. चार्जर लावला की आधी तारीख आणि वेळ विचारतो.