डबा एका गाडीचा, गाडी दुसरीच: एअरसाइड गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एअरसाइडला, म्हणजे विमानतळाच्या आत विमानांजवळच्या भागात, चालणाऱ्या गाड्यांवर आम्ही एक डबा बसवतो; गाडी कोणती आणि कुठे आहे हे तो रेडिओवरून विमानतळाच्या नियंत्रण टॉवरला सांगतो. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दोनच प्रकारचे फोन सारखे येतात. "डबा बसवून गाडी नेली, पण काही पाठवतच नाही," हा पहिला. "टॉवरने गाडी थांबवून ठेवली, नंबर जुळत नाही म्हणतात," हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर लहान आहे. डबा १०९० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि आकाशातली विमानंही त्याच वारंवारितेवर आपला ठावठिकाणा सांगत असतात. तिथे विनाकारण गर्दी नको, म्हणून विमानतळाचा नकाशा डब्यात आधीच भरलेला असतो आणि त्या हद्दीबाहेर तो गप्प राहतो. भोसरीत किंवा नगर रस्त्यावर तो काहीच पाठवणार नाही. हिरवा दिवा लागला म्हणजे उपग्रह सापडले, डबा ठीक आहे. हद्दीत आल्यावर चालत्या गाडीची जागा सेकंदाला दोनदा कळवली जाते, उभ्या गाडीची पाच सेकंदांतून एकदा. उभ्या गाडीची खूण उमटायला थोडा वेळ लागला तर घाबरू नका.

दुसऱ्या फोनसाठी मात्र हे पत्रक काढावं लागलं.

घडतं असं. पाण्याचा टँकर गॅरेजला जातो. टग (सामानाच्या डॉली, म्हणजे बिनइंजिनाच्या गाड्या, ओढणारा ट्रॅक्टर) मोकळा असतो, पण त्यावर डबा नसतो. काम अडायला नको म्हणून सुपरवायझर चार बोल्ट काढून टँकरचा डबा टगवर चढवतो. वायरी जुळतात, हिरवा दिवा लागतो, सगळं बरोबर वाटतं. पण त्या डब्यात टँकरचा २४ बिटांचा ओळख क्रमांक आहे, नाव आहे, गाडीचा प्रकारही आहे. टॉवरच्या स्क्रीनवर जो टँकर चाललेला दिसतो तो खरं तर मागे तीन डॉली ओढणारा टग असतो. नियंत्रक वॉकीटॉकीवर टँकरला थांबायला सांगतो. टगचा ड्रायव्हर ते ऐकतो, पण हाक आपल्यालाच आहे हे त्याला कळत नाही. तो चालत राहतो.

एका ग्राहकाकडे तर एका डब्यातली सेटिंग दुसऱ्या डब्यात उतरवून घेतली होती. एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या एकाच वेळी हद्दीत आल्या आणि स्क्रीनवरची खूण एप्रनच्या (विमानं उभी राहतात त्या जागेच्या) या टोकावरून त्या टोकावर उड्या मारू लागली. कारण सापडेपर्यंत दोन्ही गाड्यांचे पास अडकले आणि आमच्या दोन माणसांचे दोन दिवस त्यातच गेले.

"पण रडार असतं ना?" हा प्रश्न हमखास येतो. जमिनीवरच्या रडारला लोखंड दिसतं, पण ते टँकरचं की टगचं हे कळत नाही. काही विमानतळांवर कडेने लावलेले बरेच रिसीव्हर तोच सिग्नल किती फरकाने पोहोचला हे मोजून जागा काढतात. सिग्नल एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणून तिथे वेळ नॅनोसेकंदांत मोजावी लागते. जागा इतक्या बारकाईने काढता येते, पण गाडीचं नाव फक्त डबा सांगतो. डबाच चुकीचं नाव सांगत असेल तर बाकीच्या यंत्रणेने ते कुठून शोधायचं?

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला दाट धुक्यात एक छोटं विमान चुकीच्या टॅक्सीवेने (विमानांच्या ये-जा करायच्या रस्त्याने) धावपट्टीवर आलं आणि उड्डाण घेणाऱ्या विमानाशी त्याची टक्कर झाली. ११८ माणसं गेली. जमिनीवरचं जुनं रडार बंद झालं होतं आणि नवं अजून सुरू व्हायचं होतं. आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावर १५ फेब्रुवारी २०२० ला धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला म्हणून वैमानिकाला विमान ठरल्याआधीच उचलावं लागलं. ते दिल्लीला सुखरूप उतरलं. कोणती गाडी कुठे आहे हे टॉवरला आधी कळणं किती मोलाचं आहे, ते आम्हाला अशा घटनांतून कळतं.

म्हणूनच डब्याचा पासवर्ड आम्ही देत नाही. ग्राहक यावर नाराज होतात, ते आम्हाला समजतं. पण विमानतळाने दिलेला क्रमांक ठरलेल्या गाडीसाठी असतो, आणि तो फोनवरून बदलून देणं आम्हाला पटत नाही. गाडीचा नोंदणी क्रमांक आणि विमानतळाचं पत्र पाहूनच डब्यात क्रमांक भरतो आणि हद्दीत चालवून तपासतो. याला अर्धा दिवस जातो, पास अडकला की त्याहून जास्त जातो.

छताचंही एक सांगायचं राहिलं. अँटेना छताच्या मध्यावर, मोकळी हवी. पिवळा दिवा, शिडी किंवा ताडपत्रीची लोखंडी कमान तिच्या शेजारी आली की एका बाजूचा सिग्नल अडतो. गाडी रंगवायला देताना अँटेना झाका, पण झाकण काढायला विसरू नका.

गाडी गॅरेजला जाणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. आमच्याकडे सुटे डबे तयार असतात. बदली गाडीसाठी विमानतळाने दिलेला क्रमांक भरून, तपासून डबा देतो, आणि वार्षिक देखभालीच्या ग्राहकांकडून त्याचं वेगळं भाडं घेत नाही. गाडी अचानक बंद पडली तर मूळ डबा तिच्यावरच राहू द्या आणि आम्हाला फोन करा. रविवारीही माणूस पाठवतो.