‘व्यत्यय’ आणि ‘रुकावट’: दूरदर्शन ‘राष्ट्रीय’ कसं झालं

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही दिसू लागलं. ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती, आमची माणसं’ या मराठी कार्यक्रमांच्या आठवणी प्रामुख्याने याच पट्ट्यातल्या. जिल्ह्याच्या गावांत टीव्ही आला तो बहुतेक ठिकाणी हिंदी बोलतच. ही बाजू फारशी कोणी सांगत नाही.

१५ ऑगस्ट १९८२ म्हटलं की लोकांना रंगीत चित्र आठवतं, कारण एशियाड तोंडावर होतं. पण त्याच दिवशी उपग्रहावरून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला, आणि तो बदल रंगापेक्षा कितीतरी खोल गेला. रात्री घरातली माणसं जेवूनखाऊन टीव्हीपुढे बसतात ती हक्काची वेळ दिल्लीकडे गेली.

खरा वाद त्यापुढचा. १९८४ मध्ये, निवडणुका जवळ असताना, देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. उपग्रहाचं प्रक्षेपण पकडणारी तबकडी, छोटा मनोरा, दोन खोल्या, की झालं केंद्र! तिथे स्टुडिओ नव्हता. उपग्रहावरून येईल ते पुढे सोडायचं, एवढंच काम. याला शब्द होता ‘सहक्षेपण’. त्यातला ‘सह’ फसवा आहे. मुंबईचा कार्यक्रम या प्रक्षेपकांपर्यंत पोचवणारी जोडणीच बहुतेक ठिकाणी नव्हती, त्यामुळे साडेसातच्या मराठी बातम्या राज्यातल्याच कित्येक गावांना दिसत नव्हत्या. पंजाब, आसाम धुमसत असताना देश एका धाग्यात बांधायची घाई समजू शकते. पण ‘राष्ट्रीय’ म्हणजे हिंदी-इंग्रजी आणि बाकी सगळं ‘प्रादेशिक’, ही वाटणी तेव्हा पक्की झाली, आणि मराठी चित्रपट रविवारी दुपारी ‘प्रादेशिक’ या रांगेत आपल्या पाळीची वाट पाहू लागला.

मग ‘हम लोग’ आलं, ‘रामायण’ आलं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. एका वेळी सारा देश एकच गोष्ट पाहतोय, ही जाणीव नवी होती, खरी होती. ती नाकारायचं कारण नाही. पण त्याच मालिकांनी घराघरांत हिंदी बोलीसारखी रुजवली. मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी यायला १९९४ उजाडलं, खासगी वाहिनीला १९९९.

तोवर एक पिढी वाढली होती. प्रक्षेपण तुटलं की मुंबईच्या पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. जिल्ह्यातल्या पोरांना पाठ होती ती ‘रुकावट के लिए खेद है’.