फ्रेटांत न बसणारा गंधार

गिटार शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यातच जी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी, हातात येते, ती ई मेजर. तारा मोजायच्या बारीक तारेपासून; फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी. पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला एकेक बोट, तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला तर्जनी, बाकीच्या तीन तारा मोकळ्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे सावकाश पिक ओढलं की सूर येतात ते असे: सा, प, सा, ग, प, सा. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला यात परकं असं काहीच नाही.

आता याच सहा तारांच्या कंपनसंख्या मांडू: ८२.४, १२३.५, १६४.८, २०७.७, २४६.९ आणि ३२९.६ हर्ट्झ. प्रत्येकीला ४१.२ ने भागा. उत्तरं येतात २, ३, ४, ५.०४, ६ आणि ८. पंचमात केसभर फरक निघेल, पण तो कानाला लागत नाही. एकूण ही कॉर्ड म्हणजे ४१.२ हर्ट्झच्या एका न वाजवलेल्या खर्जाचे उपस्वरच आहेत, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे सूर, ओळीने लावलेले. तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की कुणीही न छेडता त्यातून गंधार ऐकू येतो, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तोही खर्जाच्या पाचपट कंपनांचाच. गिटारवरचा हा चौथा सूर त्याच घराण्यातला. पण तो ५ वर नाही, ५.०४ वर आहे. हवा होता २०६ हर्ट्झ, वाजतो २०७.७.

गिटारच्या कॉर्डबद्दल जे काही गोड, कडू किंवा वैयक्तिक म्हणता येईल, त्यातलं निम्म्याहून अधिक या एका सुराभोवती घडतं असं माझं मत आहे.

गंधार चढा का, याचं उत्तर फ्रेटच्या पट्टीत आहे. ही पट्टी सहाही तारांखालून सरळ जाते. तीच पट्टी एका तारेवर गंधार होते, दुसरीवर पंचम, तिसरीवर षड्ज. आणि कॉर्ड बदलली की या भूमिकाही बदलतात. कुठल्याही सुराला षड्ज मानता यावं म्हणून सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे केलेले असतात. दर फ्रेटला कंपनसंख्या १.०५९५ पट होते; बारा वेळा तसं झालं की बरोबर दुप्पट. कारागिराच्या भाषेत सांगायचं तर तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची आणि तेवढं पुढे सरकून पुढची पट्टी ठोकायची. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा ३२४ वर, अगदी मधोमध.

हा आकडा इतका नेमका नव्हता तेव्हा वादक १८ ने भागत. ल्यूट या जुन्या युरोपीय तारवाद्यासाठी हा नियम १५८१ मध्ये छापून मांडला व्हिन्चेंझो गॅलिली यांनी. गॅलिलिओचे वडील, स्वतः ल्यूटवादक. १८ ने भागत गेलं तर आपल्या गिटारवर बारावा फ्रेट ३२१.६ मिलिमीटरवर पडेल, म्हणजे अडीचेक मिलिमीटर अलीकडे, आणि सूर उतरा लागेल. पण बोटाने तार पट्टीवर दाबली की ती जरा ताणली जाते आणि सूर चढतो. एक चूक दुसरीला सांभाळून घेते. व्यवहारात हा नियम टिकला तो यामुळेच.

सप्तकाचे १२०० भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. निसर्गाने दिलेला पंचम षड्जापासून ७०२ सेंटवर असतो, फ्रेटवरचा ७०० वर. कुणाची तक्रार नाही. शुद्ध गंधार मात्र ३८६ वर असतो आणि फ्रेट त्याला ४०० वर बसवतो. हेच चौदा सेंट हार्मोनियमच्याही वाट्याला आले. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागे तिच्या ठरीव सुरांची ही तक्रार होती आणि मींड निघत नाही ही दुसरी.

चौदा सेंट ऐकू येतात का? एकेकट्या सुरात क्वचितच. कॉर्डमध्ये मात्र येतात, आणि ते लाटेसारखे. ई मेजरमधल्या चौथ्या तारेचा षड्ज १६४.८ हर्ट्झचा, त्याचा पाचवा उपस्वर ८२४ वर. तिसऱ्या तारेच्या गंधाराचा चौथा उपस्वर ८३०.६ वर. दोघे एकमेकांना सेकंदाला साडेसहा वेळा साथ देतात आणि तितक्याच वेळा खोडतात. या दोनच तारा छेडून कान जवळ नेला तर वरच्या सुरांत एक बारीक थरथर स्पष्ट मिळते.

ती एकदा ऐकू आली की नवा वादक हमखास एक उद्योग करतो. सूर जुळवायचं यंत्र, म्हणजे ट्यूनर, बाजूला ठेवतो, ई मेजर धरतो आणि थरथर थांबेपर्यंत तिसरी तार उतरवतो. कॉर्ड मधासारखी लागते. मग तो सी मेजर धरतो. तिथे तीच तिसरी तार मोकळी वाजते, ती पंचम असते आणि आता ती सोळा सेंट उतरी असते. सगळी कॉर्ड आंबते. ई मायनरमध्ये आणखी वाईट: तिथला कोमल गंधार शुद्ध हिशोबाने ३१६ सेंटवर हवा, फ्रेटने आधीच ३०० वर ठेवलेला, आणि आता तो २८६ वर. शेवटी माणूस मुकाट्याने ट्यूनर परत काढतो.

त्या ई मायनरकडे जायला किती करावं लागतं? फक्त तर्जनी उचलायची. सहापैकी पाच तारा जशाच्या तशा, एक सूर अर्ध्या पायरीने खाली, आणि उजेड बदलावा तशी कॉर्ड बदलते. गंधाराचं वजन यावरून कळावं.

तो किती लागतो याइतकंच तो कुठे लागतो हेही महत्त्वाचं. साधी जी मेजर घ्या. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला षड्ज, ९८ हर्ट्झ. शेजारच्या पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला गंधार, १२३.५ हर्ट्झ. अंतर साधारण २५ हर्ट्झ. कानाच्या आत शंखाकृती नळीत एक लांब पडदा असतो. त्याच्या वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या कंपनांना हलतात. दोन सूर फार जवळ असले की त्यांच्या जागा एकमेकींवर चढतात आणि आवाज खरबरीत लागतो. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवलं की ही खरबर, कान ज्यातले सूर नीट वेगळे करू शकत नाही अशा कंपनांच्या एका ठरावीक पट्ट्याच्या साधारण चौथ्या भागाइतक्या अंतरावर सर्वांत जास्त असते. खालच्या सुरांसाठी तो पट्टा शंभरेक हर्ट्झचा. चौथा भाग म्हणजे पंचवीस! जी मेजरचा खर्जातला गंधार नेमका त्याच खड्ड्यात पडतो. हीच जोडी दोन सप्तकं वर नेली तर अंतर शंभर हर्ट्झच्या आसपास होतं आणि खरबर जवळपास नाहीशी होते. म्हणून मुरलेले गिटारवादक जी मेजर धरताना सहाव्या तारेवरच्या बोटाचा मांसल भाग पाचव्या तारेला हलकेच टेकवून ती गप्प करतात. गंधार वर राहतो, खाली फक्त षड्ज. पुस्तकातल्या आकृतीत हे सहसा नसतं. हात बघून उचलावं लागतं.

रॉक आणि मेटलवाले याच्याही पुढे गेले: त्यांनी गंधारच काढून टाकला. आवाज फाटेपर्यंत अँप्लिफायर चढवला की दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर जन्मतात. ११० आणि १६५ हर्ट्झ, म्हणजे सा आणि प, यांच्या वजाबाकीतून ५५ निघतो: खालच्या सप्तकातला षड्जच. कॉर्ड फुकटात जाड होते. पंचमाऐवजी फ्रेटवरचा १३८.६ चा गंधार घेतला तर वजाबाकी २८.६, जी हवी होती २७.५. असे आणखी कितीतरी बेसूर तुकडे तयार होतात आणि सगळा चिखल होतो. ब्लॅक सबाथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी हे सा-प चे जोड जड संगीताचा पायाच करून टाकले. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. ते डावखुरे, म्हणजे फ्रेटवरचा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली: १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी होऊनही दोन बोटं आणि अंगठ्यावर कॉर्ड बांधणारा तो जिप्सी वादक. आयोमींनी प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल लावल्या. शैली म्हणतात ती कित्येकदा अशी अडचणीतून येते.

ब्लूजवाले गंधार काढत नाहीत, हलता ठेवतात. बी. बी. किंग यांच्यासारखा वादक कोमल गंधारावर बोट ठेवतो आणि तार आडवी खेचून त्याला कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी थांबवतो. सतारीवर मींड काढणाऱ्याला हे सांगायला नको. फ्रेटने दिलेल्या ३०० सेंटपासून ३८६ पर्यंत पोचायला तारेचा ताण सुमारे दहा टक्के वाढवावा लागतो, कारण सूर दुप्पट करायला ताण चौपट लागतो. हा नियमही व्हिन्चेंझो यांनीच, तारांना वजनं टांगून, शोधला. त्या दहा टक्क्यांत कुठे थांबायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोन ब्लूजवादक डोळे मिटून ओळखू येतात ते याच थांब्यावरून.

आणि फ्रेटच नको असतील तर? जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा, उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य, गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी सरकवत राग वाजवत. तिथे गंधार हवा तिथेच लागतो. स्लाइडवर कॉर्ड वाजवणारे तर मोकळ्या तारांवरच मेजर कॉर्ड लावून ठेवतात. त्यातला गंधार ३८६ वर जुळवला की कांडी जिथे नेऊ तिथे निर्दोष मेजर मिळते, थरथर नसलेली. मायनर हवी असेल तर मात्र कांडी सरळ असल्याने पंचाईत होते. गंधाराची तार सोडायची, नाहीतर कांडी तिरकी धरून नशीब आजमावायचं.