क्लेमची सहा महिन्यांची मुदत: गेली कधी, परत आली कशी

मोटार वाहन कायद्याची २०१९ ची दुरुस्ती म्हटलं की सगळ्यांना दंडच आठवतात. १ सप्टेंबर २०१९ नंतर तर महिनाभर सगळीकडे तीच चर्चा होती, लायसन नसेल तर ५ हजार, दारू पिऊन चालवली तर १० हजार. महाराष्ट्रात वाढीव दंड लगेच लावले नाहीत, ते डिसेंबर २०२१ मध्ये आले. पण त्याच दुरुस्तीत जखमी माणसाच्या मुळावर येणारी एक ओळ होती, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. कलम १६६ चं पोटकलम ३, म्हणजे अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नुकसानभरपाईचा क्लेम टाकला नाही तर अर्ज घ्यायचाच नाही.

ही मुदत काही नवीन नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली क्लेम ट्रिब्युनल, म्हणजे असे दावे चालवणारं न्यायाधिकरण, आणलं तेव्हा फक्त ६० दिवस होते, पुढे १९६९ ला सहा महिने झाले, आणि उशिराचं कारण पटलं तर अर्ज घ्यायची मोकळीक होती. १९८८ च्या कायद्यात सहा महिने तसेच ठेवले पण मोकळीक आवळली, कारण कितीही खरं असलं तरी वर्षाच्या पुढे नाही.

मग १९९४ ला मुदत पूर्णच काढून टाकली. १४ नोव्हेंबर १९९४ पासून अपघात कधीचाही असो, मुदत संपली म्हणून अर्ज परत जाणार नाही असं झालं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधीपासून पडून असलेल्या केसेसनाही याचा फायदा दिला, आणि निकालात सरळ म्हटलंय की बहुतेक लोकांना अशी काही मुदत असते हेच माहीत नसतं आणि निव्वळ त्यावरून दावे फेटाळणं हा मोठा अन्याय होता. माझ्या मते या विषयावर इतकं माणुसकीचं दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही.

तर २५-२७ वर्षं सुरळीत चाललेली गोष्ट परत का आणली? बाजू अशी मांडतात की वर्षानुवर्षं उशिरा येणारे आणि खोटे क्लेम थांबतील, आणि पोलिसांचा अपघाताचा रिपोर्ट ट्रिब्युनलने अर्जच समजायचाय, मग लोकांचं नुकसान कुठे? खोटे क्लेम असतात हे खरंय, नाही म्हणत नाही. नव्या नियमांत पहिला रिपोर्ट ४८ तासांत आणि सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत द्यायचाय. पण रिपोर्ट पाठवायचा आणि तोच अर्ज समजायचा हे जुन्या कायद्यातही होतं, ३० दिवसांत पाठवा असं, आणि ते पाळलं जात नाही म्हणून २००९ मध्ये सुप्रीम कोर्टालाच आदेश काढावे लागले होते. ज्या रिपोर्टवर भरवसा ठेवून मुदत परत आणली त्याचा इतिहास हा असा.

आणि मयताच्या केसमध्ये निदान कागद ठरलेले असतात, जखमीचं तसं नसतं. माझ्या चुलत्यांना २०१७ मध्ये सोलापूर रोडला पिकअपने मागून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, हाड जुळेना म्हणून आठ महिन्यांनी परत ऑपरेशन. काकू एका कापडी पिशवीत एक्स-रे, मेडिकलची बिलं, डिस्चार्ज कार्ड सगळं कोंबून ठेवायची, बिलांवरची शाई उडायला लागली तेव्हा मी बसून त्याच्या झेरॉक्स काढल्या. वकील म्हणाले अपंगत्वाचा दाखला आणा, किती टक्के ते कळल्याशिवाय मागायचे किती? आणि डॉक्टर म्हणाले उपचार संपल्याशिवाय टक्के देता येणार नाहीत. दावा चौदाव्या महिन्यात दाखल झाला. अपघात एप्रिल २०२२ नंतरचा, म्हणजे मुदत परत लागू झाल्यानंतरचा, असता तर दाखला नसतानाच अर्ज टाकून ठेवावा लागला असता, आणि पलंगावर पडलेल्या माणसाला हे सांगणार कोण? २०२२ या एका वर्षात देशात ४,४३,३६६ लोक रस्त्यावर जखमी झाले, त्यातले किती जण सहा महिन्यांत वकिलापर्यंत पोचत असतील.

बाकी या दुरुस्तीत चांगलं काहीच नाही असं नाही. चूक कोणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, वाहन पळून गेलं तर २ लाख आणि ५० हजार (आधी तिथे २५ हजार आणि साडेबारा हजार होते). मे २०२५ मध्ये दीड लाखापर्यंत सात दिवस कॅशलेस उपचारांची योजना आली, तीही याच दुरुस्तीतून.

नुकसानभरपाईचा हा भाग १ एप्रिल २०२२ ला लागू झाला आणि लगेच घोळ सुरू झाला. अपघात आधीचा पण अर्ज नंतरचा, तर मुदत लागते का? उशीर माफ करायचा अधिकार ट्रिब्युनलला आहे का? नव्या कलमात माफीचा शब्दच नाही, १९८८ च्या मूळ कायद्यात निदान वर्षापर्यंतची सवलत तरी होती. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश आला की पुढचा आदेश होईपर्यंत सहा महिन्यांच्या मुदतीवरून कुठलाही दावा फेटाळायचा नाही. हा अंतिम निकाल नाही, मुदत कायद्यात अजून तशीच आहे. म्हणून ज्यांचे सहा महिने उलटून गेलेत आणि "आता काही होत नाही" ऐकून घरी बसलेत त्यांनी अर्ज तयार करायला घ्यावा, दाखला नसला तरी.